कॉन्फिगरच्या ओळीत मराठी

बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात चकलांबा नावाचे गाव आहे. या नावात अक्षरे किती, असे शाळेतल्या पोराला विचारले तर ते च, क, लां, बा असे बोटांवर मोजून चार सांगेल. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेला विचारले तर तीन उत्तरे मिळू शकतात. ‘स्ट्रलेन’ हे तिचे मूळचे फंक्शन २१ म्हणते, कारण ते बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘एमबी स्ट्रलेन’ ७ म्हणते. त्याच्या लेखी काना आणि अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे आहेत. ‘ग्राफीम स्ट्रलेन’ मात्र त्या पोराशी सहमत होऊन ४ म्हणते. हा नुसता मोजणीचा खेळ नाही. यादीत जागा कमी म्हणून गावाच्या नावाची पहिली तीन अक्षरेच घ्यायची ठरवली, तर पहिल्या रीतीने नुसता ‘च’ हाती लागतो, दुसरीने ‘चकल’ आणि तिसरीने ‘चकलां’. बाइट मोजून दहावर कापले तर ‘चकल’च्या पुढे एक फुटका बाइट उरतो आणि पडद्यावर चौकट किंवा प्रश्नचिन्ह उमटते. असली चिन्हे मराठी माणसाने अर्जांवर आणि पावत्यांवर पुरेशी पाहिली आहेत.

ही तीन फंक्शने प्रत्येक पीएचपीत असतातच असे नाही. दुसरे ‘एमबीस्ट्रिंग’ या जोडभागात येते, तिसरे ‘इंटल’ या जोडभागात. आणि पीएचपी सोर्स कोडपासून कंपाइल करताना हे दोन्ही आपणहून येत नाहीत. ‘एनेबल-एमबीस्ट्रिंग’ आणि ‘एनेबल-इंटल’ असे पर्याय कॉन्फिगरच्या ओळीत लिहावे लागतात. लिहिले नाहीत तर ‘स्ट्रलेन’ तेवढे जागेवर असते, बाकीच्यांच्या नावाने ‘असे फंक्शनच नाही’ म्हणून प्रोग्राम बंद पडतो. संगणकावरच्या मराठीची चर्चा आपण फॉन्ट, कीबोर्ड आणि युनिकोड यांच्यापाशी थांबवतो. माझे म्हणणे असे की, एखाद्या प्रोग्रामिंग भाषेला मराठी किती येणार, यातला बराच भाग ती भाषा बांधताना दिलेल्या पर्यायांत ठरून जातो. तो निर्णय घेणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा मराठी नसतेच.

बांधणे म्हणजे काय, ते थोडक्यात. पायथन, पीएचपी, रुबी यांचे इंटरप्रिटर हेही प्रोग्रामच, बहुतांशी सी भाषेत लिहिलेले. सोर्स कोड उतरवून घेतला की आधी ‘कॉन्फिगर’ नावाची स्क्रिप्ट चालवतात. ती यंत्राची झडती घेते: कोणता कंपाइलर आहे, कोणत्या लायब्ररी आणि त्यांच्या हेडर फाइली सापडतात, प्रोसेसर कोणता. या झडतीचा निकाल आणि आपण दिलेले पर्याय यांतून ती मेकफाइल लिहिते. मग ‘मेक’ म्हटले की कंपाइल होते आणि ‘मेक इन्स्टॉल’ म्हटले की फाइली जागेवर बसतात. अशा स्क्रिप्ट तयार करून देणारे ऑटोकॉन्फ हे साधन डेव्हिड मॅकेन्झी यांनी १९९१ मध्ये लिहिले आणि पुढे हीच रीत पडली. महाराष्ट्रात हे पद्धतशीर शिकवण्याचे काम आयआयटी मुंबईत झाले. प्रा. उदय खेडकर यांच्या पुढाकाराने तिथे जीसीसी रिसोर्स सेंटर उभे राहिले, आणि ‘एसेन्शियल अ‍ॅब्स्ट्रॅक्शन्स इन जीसीसी’ या कार्यशाळांत जीसीसी हा कंपाइलर कॉन्फिगर करून बांधणे हा अभ्यासाचाच भाग होता. सोर्सचा फोल्डर वेगळा आणि बांधणीचा वेगळा ठेवायचा, एकात दुसरा घालायचा नाही. कंपाइलर कोणत्या यंत्रावर बांधला जातो, कोणत्या यंत्रावर चालणार आणि कोणत्या यंत्रासाठी कोड काढणार, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. पुस्तकी सी शिकवणाऱ्या वर्गात ही ओळख सहसा होत नाही.

माझ्या मुद्द्याचा सर्वांत ठसठशीत पुरावा नोड-जेएसमध्ये सापडतो. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारे हे साधन भाषा-प्रांतांचे नियम आयसीयू या लायब्ररीकडून घेते. तारीख कशी लिहायची, हजार-लाखाचा स्वल्पविराम कुठे द्यायचा, वर्णक्रम कसा लावायचा, हे सगळे तिच्यात असते. ही माहिती पूर्ण घेतली तर पंचवीस-तीस एमबी जागा लागते. म्हणून नोड बांधताना ‘विथ-इंटल’ या पर्यायाला चार किमती देता येतात: काहीच नको, यंत्रावर आधीच असलेला आयसीयू, छोटा आयसीयू, पूर्ण आयसीयू. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेरावी आवृत्ती आली तोपर्यंत न मागता मिळणारी किंमत होती छोटा आयसीयू, आणि त्यात माहिती होती फक्त इंग्रजीची. त्या काळातल्या नोडला एक लाख ही संख्या मराठी रीतीने लिहायला सांगितली तर तो तक्रार करत नसे. मुकाट्याने इंग्रजी अंक लिही आणि शेवटच्या तीन शून्यांआधी एकच स्वल्पविराम टाकी. तेराव्या आवृत्तीपासून पूर्ण आयसीयू ही न मागता मिळणारी किंमत झाली आणि तीच ओळ ‘१,००,०००’ असे उत्तर देऊ लागली. प्रोग्रामरने आपल्या कोडमधले एक अक्षर बदललेले नाही, जावास्क्रिप्टचे व्याकरणही तेच, बदलली ती बांधणीतली एक किंमत. वर्णक्रमाचेही तसेच. युनिकोडच्या तक्त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी बसतो, आपल्या बाराखडीच्या तक्त्यात ‘ह’नंतर. नियमांची माहिती सोबत नसेल तर यंत्र तक्त्यातल्या क्रमांकाप्रमाणे यादी लावून मोकळे होते.

दुसरा पुरावा जुना आहे, पण मराठीच्या इतिहासाशी त्याचा फार जवळून संबंध येतो. पायथनच्या दुसऱ्या पिढीत ‘एनेबल-युनिकोड’ असा पर्याय होता. त्याला ‘यूसीएस-२’ दिले तर प्रत्येक चिन्हाला दोन बाइटांची जागा मिळे, ‘यूसीएस-४’ दिले तर चार. पहिल्याला अरुंद बांधणी म्हणत, दुसऱ्याला रुंद. विंडोजसाठी मिळणारे तयार पायथन अरुंद असे. लिनक्सच्या बहुतेक वितरणांनी रुंद निवडले होते. देवनागरी युनिकोडच्या पहिल्या ६५,५३६ जागांत येते, त्यामुळे तिला या भेदाची झळ लागली नाही. पण २०१४ मध्ये युनिकोड ७.० मध्ये मोडी लिपी दाखल झाली आणि तिला जागा मिळाली त्या मर्यादेच्या बाहेर. ज्या लिपीत पेशवे दप्तराचे रुमालच्या रुमाल लिहिलेले आहेत, तिचे एक अक्षर रुंद पायथनला एक वाटे आणि अरुंद पायथनला दोन. क्रमांक देऊन अक्षर मागितले तर अरुंद पायथन ‘ही बांधणी अरुंद आहे’ असे सांगून हात वर करी. भरीला एका बांधणीसाठी कंपाइल केलेला सी-जोडभाग दुसरीवर चढत नसे. २०१२ मध्ये पायथन ३.३ ने हा पर्यायच काढून टाकला आणि प्रत्येक मजकुराला लागेल तेवढी रुंदी देण्याची सोय केली. यावरून कोणी म्हणेल की चांगल्या रचनेत असा प्रश्न वापरणाऱ्यावर टाकूच नये. ते अगदी बरोबर आहे. पण २.७ ही आवृत्ती अधिकृतपणे १ जानेवारी २०२० पर्यंत जिवंत होती. म्हणजे मोडी युनिकोडमध्ये आल्यावर पाच वर्षांहून अधिक काळ, तिची अक्षरे मोजणाऱ्याला आपले पायथन कुणी कसे बांधले आहे हे पाहणे भाग होते.

बांधणीतल्या चुकीचा स्वभावच बिनबोभाट असतो. पायथन कंपाइल करताना यंत्रावर ओपन-एसएसएलच्या, लिबएफएफआयच्या किंवा एसक्यूलाइटच्या हेडर फाइली सापडल्या नाहीत, तर ‘मेक’ थांबत नाही. ते काम पूर्ण करते आणि शेवटी, शेकडो ओळी सरकून गेल्यावर, अमुक ऐच्छिक मॉड्यूलसाठी लागणारे भाग सापडले नाहीत अशी यादी छापते. ती वाचतो कोण? पुढे पायथनची पॅकेजे आणणारे पिप काही उतरवायला गेले की सुरक्षित जोडणीचे ‘एसएसएल’ मॉड्यूल नाही म्हणून अडते, आणि दोष इंटरनेटला दिला जातो. पायथन ३.१० ला ओपन-एसएसएल १.१.१ किंवा त्यापुढचे लागते, तर सेंटओएस ७ सोबत येत असे १.०.२. त्या सर्व्हरवर नवे पायथन बांधणाऱ्याला ओपन-एसएसएल वेगळे मिळवून त्याची वाट ‘विथ-ओपनएसएसएल’ या पर्यायात द्यावी लागे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. हे सगळे करायचे कशाला? उबुंटूवर एका कमांडने तयार पायथन मिळते, पीएचपीचे एमबीस्ट्रिंग आणि इंटल वेगळी पॅकेजे म्हणून नंतरही चढवता येतात, डॉकरच्या प्रतिमा आयत्या मिळतात. आक्षेप योग्य आहे, आणि दहातल्या नऊ कामांसाठी मीही तयार पॅकेजच घ्या असे सांगेन. पण तयार पॅकेज हीसुद्धा कुणीतरी कॉन्फिगर करून केलेली बांधणीच असते. रेड हॅटने एंटरप्राइज लिनक्स ८.२ साठी पायथन ३.८ बांधताना कंपाइलरचा एक पर्याय बदलला आणि वेग ३० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे जाहीर केले, पुढे ३.१० मध्ये पायथननेच तो पर्याय आपल्याकडे घेतला. भाषेचा एकही नियम न बदलता एवढा फरक पडत असेल, तर ‘आम्ही पायथन वापरतो’ हे वाक्य अर्धवट आहे. इंटलचे पॅकेज नंतर चढवता येते हे खरे, पण ते चढवायला हवे हे आधी कुणाला तरी ठाऊक पाहिजे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्वतः बांधलेल्या भाषेला सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप मिळत नाहीत. वितरणाचे पॅकेज एका अद्ययावतीकरणात सुधारते; आपण होम फोल्डरमध्ये ‘प्रीफिक्स’ देऊन बसवलेले पायथन आपण विसरलो की तसेच राहते. ‘सोर्समधून बांधले म्हणजे विश्वासार्ह’ या समजुतीलाही २९ मार्च २०२४ रोजी चांगलाच तडा गेला. आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या लायब्ररीत दडवलेली चोरवाट त्या दिवशी उघड केली. तिला जाग आणणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या गिटमध्ये नव्हता. तो होता प्रकाशित टारबॉलमध्ये, बांधणीच्या वेळी चालणाऱ्या एका मॅक्रोत, आणि कॉन्फिगर चालले की कामाला लागत असे. म्हणजे ज्या पायरीकडे कोणी पाहत नाही, तीच पायरी हल्लेखोराने हेरली होती. या आक्षेपाने स्वतः बांधण्याचा उत्साह आवरावा हे मला मान्य आहे. पण कॉन्फिगरची ओळ वाचूच नये असे त्यातून निघत नाही, उलटेच निघते.

वाचणे अवघडही नाही. ‘जीसीसी’ला ‘व्ही’ हा पर्याय दिला की तो ‘कॉन्फिगर्ड विथ’ म्हणून आपली सारी कुंडली मांडतो. ‘पीएचपी’ला ‘आय’ दिला की ‘कॉन्फिगर कमांड’ दिसते, आणि पायथनमध्ये ‘सिसकॉन्फिग’ हे मॉड्यूल तेच काम करते. संगणकशास्त्राच्या पदविकेत आणि पदवीत एका प्रात्यक्षिकापुरते हे आणायला नवा अभ्यासक्रम लागत नाही. सरकारी कामांच्या निविदांत ‘मराठी युनिकोड सुविधा असावी’ असे मोघम वाक्य लिहिण्याऐवजी पूर्ण आयसीयू माहिती, मराठी वर्णक्रम आणि अक्षरसमूहांवर चालणारी मजकूर-फंक्शने हवीत, असे तीन ओळींत लिहिता येईल. ठेकेदाराला ते तपासून दाखवता येईल, आणि तपासणाऱ्यालाही.

हा प्रश्न नोडबरोबर मिटला असे मात्र समजू नये. क्लाउडवर प्रतिमा जितकी लहान तितकी चांगली, अशी आता चढाओढ आहे आणि छाटणीत पहिला बळी भाषा-प्रांतांच्या माहितीचा जातो. अल्पाइन लिनक्सवरच्या डॉटनेटच्या अधिकृत लहान प्रतिमांत आयसीयू नसतो. त्या ‘इन्व्हेरिअंट’ पद्धतीवर, म्हणजे कोणत्याच प्रांताचे नियम न मानता, चालतात. डॉटनेट ६ पासून अशा ठिकाणी मराठीचे नियम मागितले की प्रोग्राम ‘ही संस्कृती सापडली नाही’ अशी चूक देऊन तिथेच थांबतो. जुन्या नोडसारखे गुपचूप इंग्रजी उत्तर देण्यापेक्षा मला हे शतपट बरे वाटते, कारण थांबलेल्या प्रोग्रामची तक्रार त्याच दिवशी येते आणि आयसीयू परत घालणे हे अर्ध्या तासाचे काम आहे.