एक डबा, दोन विद्यार्थी आणि आपली जबाबदारी

जून-जुलै उजाडला की गावोगावच्या एस.टी. स्थानकावर एक चित्र हमखास दिसते. खांद्यावर बॅग, हातात गाठोडे, गाठोड्यात आईने बांधून दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आपला मुलगा, आपली मुलगी शहरात शिकायला निघते. बापाने उसनेपासने करून फीचे पैसे जमवलेले असतात. मग फोनवर चौकशी होते: प्रवेश झाला का? खोली मिळाली का? अभ्यास कसा चाललाय? शेवटी आई विचारते, जेवतोस ना रे? पलीकडून उत्तर येते, "जेवतो की!" हे उत्तर दर वेळी खरे नसते.

परवा अशाच एका विद्यार्थ्याची गाठ पडली. मराठवाड्यातला, आई-वडील ऊसतोडीला जाणारे, स्वतः पुण्यात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रयोगशाळेत उभ्या उभ्या चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी विचारले, सकाळी काय खाल्ले? म्हणाला, चहा. काल रात्री? म्हणाला, अर्धा डबा. खोलीतले दोघे मिळून एकच डबा लावतात आणि तोही एकवेळचा. वाचलेले पैसे धाकट्या बहिणीच्या वह्या-पुस्तकांसाठी गावी जातात. हा मुलगा आजारी नव्हता, उपाशी होता.

अशी मुले एक-दोन नाहीत. शहरात खोल्या करून राहणाऱ्या आपल्या कोणत्याही विद्यार्थ्याला विश्वासात घेऊन विचारा. खर्च कमी करायची वेळ आली की तो आधी पोटाला चिमटा घेतो, कारण फी चुकवता येत नाही, भाडे चुकवता येत नाही, जेवण मात्र चुकवता येते.

यावर काही जण लगेच बाबासाहेबांचे उदाहरण देतात. लंडनमध्ये शिकत असताना बाबासाहेबांनी अपुऱ्या न्याहारीवर दिवस दिवस ग्रंथालयात काढले आणि रात्री पापड व दूध यावर भूक भागवली, हे चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. पण यातून आपण काय शिकायचे? आपल्या मुलांनीही उपाशी राहावे, हे? मुळीच नाही. ज्या माणसाने भूक सोसली, त्याने परत आल्यावर काय केले ते पाहा. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह सुरू केले. त्याआधी छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृहांची मालिकाच उभी केली होती. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली सुरू केलेल्या बोर्डिंगात सर्व जातींची मुले एकत्र राहिली, एकत्र जेवली. शाळेइतकेच महत्त्व या लोकांनी वसतिगृहाच्या चुलीला दिले. रिकाम्या पोटी शिक्षण डोक्यात जात नाही, हे त्यांना ठाऊक होते.

तथागतांची आळवी गावची कथाही हेच सांगते. हरवलेला बैल शोधून दमलेला, भुकेला शेतकरी उपदेश ऐकायला आला, तेव्हा तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला लावले आणि मग धम्म सांगितला. आधी अन्न, नंतर ज्ञान, हा क्रम आपल्या परंपरेतलाच आहे.

आता विद्यार्थ्यांशी दोन शब्द. मित्रांनो, चांगले खाणे म्हणजे महाग खाणे नव्हे. बदाम, प्रोटीनचे डबे आणि जाहिरातीतली पेये यांच्या नादी लागू नका. शरीराला किलोमागे साधारण ०.८ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलो वजनाच्या तरुणाला दिवसाला सुमारे ४५ ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम असतात. ५० ग्रॅम फुटाण्यांत १० ग्रॅमच्या आसपास, मूठभर शेंगदाण्यांत ६-७ ग्रॅम. दोन ज्वारीच्या भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ यांची भर घाला, गणित जवळपास जुळते. खोलीत शेगडी नसली तरी हरभरे, मूग, मटकी रात्री भिजवता येतात, त्यांना मोड आणता येतात. कांदा-लिंबू टाकून खाल्ले की सकाळची न्याहारी झाली. गावाहून येताना डाळ्या-शेंगदाणे, गूळ आणि जवसाची चटणी आणायला लाजू नका.

भूक मारण्यासाठी चहावर चहा पिऊ नका. जेवणाला लागून चहा घेतला तर अन्नातले लोह कमी अंगी लागते, उलट लिंबू पिळून खाल्ले तर जास्त लागते. आणि भूक मारण्याची दुसरी युक्ती, ती तंबाखूची पुडी, मावा आणि खर्रा, तिला तर हातच लावू नका. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी महाविद्यालयाबाहेरच्या टपऱ्यांवर काय चालते ते सर्वांना दिसते.

मुलींचा प्रश्न आणखी गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. घरी सर्वांच्या शेवटी जेवायची सवय लागलेली मुलगी वसतिगृहातही स्वतःच्या जेवणाला शेवटचा क्रमांक देते. थकवा, धाप, डोके दुखणे याला आळस समजू नका. सरकारी रुग्णालयात जाऊन हिमोग्लोबिन तपासून घ्या. विदर्भातील बंधू-भगिनींनी तर सिकलसेलची तपासणी आवर्जून करावी. आपल्या समाजात आणि आदिवासी समाजात हा आजार आहे. तो जन्मतः येतो आणि लोहाच्या गोळ्यांनी बरा होत नाही. म्हणून मनाने गोळ्या घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

ताटातल्या अन्नाची लाज, हाही आरोग्याचा प्रश्न आहे. अंडी, सुकट, बोंबील, मटण हे आपल्या घरचे अन्न आहे आणि ते पौष्टिक आहे. पण उच्च शिक्षणसंस्थांत या अन्नाला वेगळे बसवण्याचे प्रकार होतात. २०२३ साली मुंबईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात काही टेबले फक्त शाकाहारींसाठी राखली गेली आणि त्याचा निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड झाला. शाकाहार कुणी जरूर करावा, पण शेजारच्याच्या ताटाचा विटाळ मानणे आपण कशासाठी सहन करायचे? घरून आणलेला डबा खाली मान घालून खाऊ नका.

हे सारे विद्यार्थ्याने एकट्याने करायचे का? नाही. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ साली स्वाधार योजना आली. तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी भोजनापोटी वर्षाला ३२ हजार रुपये ठरले. दहा महिने धरले तर दिवसाला सुमारे १०६ रुपये. एवढ्यात दोन वेळचे जेवण कसेबसे बसेल, पण खानावळवाला पैसे महिन्याच्या सुरुवातीला मागतो आणि योजनेचा हप्ता वर्ष सरत आले तरी खात्यावर येत नाही, ही विद्यार्थ्यांची तक्रार आहे. आदिवासी वसतिगृहांत खानावळीऐवजी खात्यावर पैसे देण्याचा निर्णय झाला, तेव्हा २०१८ साली विद्यार्थी पुण्याहून नाशिककडे पायी निघाले होते. पैसा खात्यावर जमा होईल तेव्हा होईल, भूक आज लागते, हेच ते सांगत होते. शिजवलेले अन्न द्या, नाहीतर पैसे वेळेवर द्या, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी लावून धरली पाहिजे. प्रत्येक वसतिगृहात भोजन समिती असावी आणि तीत मुलींसह विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी असावेत.

आणि आपण, म्हणजे नोकरीला लागलेले, स्थिरावलेले? आपल्यातले कितीतरी जण असाच अर्धा डबा खाऊन साहेब झाले आहेत. जयंतीला डीजेवर आपण काही तासांत जे उधळतो, त्यात किती मुलांची किती महिन्यांची खानावळ भागेल, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने एकदा कागदावर मांडावा. फार काही करू नका. आपल्या वस्तीतला, आपल्या तालुक्यातला शहरात शिकणारा एक मुलगा, एक मुलगी शोधा. हप्ता येईपर्यंत तिच्या खानावळीचे पैसे थेट खानावळवाल्याकडे भरा, म्हणजे ते गावी पाठवायचा मोह तिला होणार नाही. हप्ता आला की तेच पैसे पुढच्या विद्यार्थ्यासाठी फिरवा.

शिका, असे बाबासाहेबांनी सांगितले. शिकणाऱ्याच्या पोटात दोन वेळचे अन्न पडते की नाही, हे पाहणे आपले काम आहे. आज रात्री जेवायला बसण्यापूर्वी शहरात शिकणाऱ्या आपल्या एका तरी मुलाला फोन करा. जेवलास का, एवढ्यावर थांबू नका. काय जेवलास, ते विचारा.