व्हॅनगनला सोळा इंची चाके
लेखमाला : जुनी व्हॅन, लांबचा रस्ता – भाग ६

फोक्सवॅगनची व्हॅनगन अमेरिकेत १९८० ते १९९१ या मॉडेलवर्षांत विकली गेली. कारखान्यातून ती १४ इंची चाकांवर बाहेर पडे. त्या काळी १४ इंची टायर कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळत. आज नव्या गाड्यांची चाके १६ ते २० इंची झाली आहेत. त्यामुळे १४ इंची टायर, त्यातही व्हॅनचे वजन पेलणारा, मागवून घ्यावा लागतो आणि त्यात निवडीला फारसा वाव राहत नाही. वायोमिंगसारख्या विरळ वस्तीच्या राज्यात शनिवारी संध्याकाळी टायर फाटला, तर दुकानदार तसा टायर ‘बुधवारपर्यंत येईल’ म्हणून सांगतो. जुन्या व्हॅनला मोठी चाके बसवण्यामागे देखणेपणाची हौस असतेच, पण खरे कारण बहुतेक वेळा हे असते. भारतातले टायरवाले या प्रकाराला ‘अपसाइझ’ म्हणतात.

टायरवरचे आकडे इंच आणि मिलिमीटर यांची खिचडी आहेत. ‘२१५/६५ आर १६’ यात २१५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ६५ टक्के आणि १६ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब सरळ आहे. २१५ चे ६५ टक्के म्हणजे सुमारे १४० मिलिमीटर. वर आणि खाली अशी दोनदा धरून २८०, त्यात १६ इंचांचे ४०६ मिळवले की व्यास ६८६ मिलिमीटर येतो. व्हॅनगनच्या मूळ ‘१८५ आर १४ सी’ टायरचा व्यास ६५० च्या आसपास असतो. म्हणजे नवे चाक सुमारे साडेपाच टक्क्यांनी मोठे झाले आणि गाडी त्याच्या निम्म्याने, १८ मिलिमीटरने, जमिनीपासून उंच झाली. एवढ्याशा उंचीने कच्च्या रस्त्यावरचा मोठा दगड टळत नाही. तो चुकवायचा असेल तर स्प्रिंगांकडेच वळावे लागते.

टायरवर आणखी एक आकडा असतो. दुकानात त्याच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि व्हॅनसाठी तोच सर्वांत महत्त्वाचा असतो. तो म्हणजे भारांक. मूळ १८५ आर १४ सी टायरच्या आठ प्लाय दर्जाच्या प्रकारावर ‘१०२/१००’ असे छापलेले असते. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाके असणाऱ्या वाहनांसाठी. १०२ चा अर्थ ८५० किलो. आता मोटारीसाठीचा २१५/६५ आर १६ घेतला तर त्यावर पुष्कळदा ९८ असतो, म्हणजे ७५० किलो. शिवाय मोटारीचा टायर व्हॅन किंवा ट्रकसारख्या वाहनाला लावल्यास त्याची क्षमता १.१० ने भागून धरावी, असा अमेरिकी संघराज्याचा सुरक्षा नियम आहे. ७५० चे राहिले ६८२. रुंद, उंच आणि भरदार दिसणारा हा टायर मूळच्या शिडशिडीत टायरपेक्षा दर चाकामागे १६८ किलो कमी पेलतो.

हा फरक कागदावरचा नाही. वेस्टफालिया कंपनीने कॅम्पर म्हणून सजवलेल्या व्हॅनगनमध्ये शेगडी, फ्रिज, कपाटे, वर उघडणारे छत आणि पाण्याची टाकी असते. टाकी भरली की पन्नासेक किलो तिचेच होतात. इंजिन मागे, सामानही बहुतेक मागेच. ज्यात चार माणसे झोपतात त्या गाडीत तंबू, सायकली आणि आठवड्याचा शिधाही चढतो. मागच्या ॲक्सलवर १,३०० किलो आले, तर दर चाकावर ६५० झाले आणि ६८२ ची मर्यादा जेमतेम हाताच्या अंतरावर उरली. अंदाज बांधत बसण्यापेक्षा वजन करणे सोपे. महामार्गांवरच्या ट्रक थांब्यांवर ‘कॅट स्केल’ नावाचे काटे असतात. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे वजन वेगवेगळे छापलेली चिठ्ठी काही डॉलरांत मिळते. काट्यावर गाडी न्यावी ती सहलीला निघतानाच्या पूर्ण भरलेल्या अवस्थेत. अंगणात रिकामी उभी असलेली व्हॅन मोजून काहीच कळत नाही.

त्याच २१५/६५ आर १६ मापात शेवटी ‘सी’ असलेला, १०९/१०७ भारांकाचा टायरही मिळतो. युरोपातल्या सामानवाहू व्हॅनसाठी तो बनतो आणि एका चाकावर १,०३० किलो घेतो. व्हॅनगनला तोच घ्यावा. तो थोडा कडक चालतो, भेगाळलेल्या रस्त्यावर कपाटातली भांडी वाजतात, पण व्हॅनमध्ये ती एरवीही वाजतच असतात.

भारांक हवेच्या दाबाशी बांधलेला असतो. टायरवर छापलेली क्षमता पूर्ण दाबाला मिळते, दाब कमी तर क्षमताही कमी. याचा धडा अमेरिकेला २००० साली मिळाला. त्या वर्षी ऑगस्टमध्ये फायरस्टोनने फोर्ड एक्सप्लोररवरचे लक्षावधी टायर परत मागवले. उष्ण राज्यांत, वेगात असताना टायरचा वरचा पट्टा सुटून गाड्या उलटत होत्या. टायरची बांधणी हा वादाचा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा होता गाडीबरोबर सुचवलेल्या २६ पौंड या कमी दाबाचा. कमी हवा म्हणजे साइडवॉलची जास्त वाकवाक, वाकण्यातून उष्णता आणि उष्णतेतून फाटणे. त्यानंतर झालेल्या कायद्यामुळे २००८ च्या मॉडेलपासून हलक्या वाहनांना दाब कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची झाली. व्हॅनगनमध्ये ती नाही. तिथे दर दोन आठवड्यांनी, टायर थंड असताना, गेज लावून पाहणे एवढाच उपाय आहे. दारावरच्या पट्टीतला दाब मूळ मापाच्या टायरसाठी असतो. नव्या मापाचा दाब टायर कंपनीच्या भारतक्त्यातून, काट्याच्या चिठ्ठीवरचे वजन हाताशी धरून काढावा लागतो.

टायर ठरला की रिम. तिथे पहिली गाठ पडते ती बोल्टच्या वर्तुळाशी, म्हणजे गॅरेजच्या भाषेतल्या पीसीडीशी. व्हॅनगनला पाच बोल्ट आणि ११२ मिलिमीटरचे वर्तुळ आहे. शेव्हरोलेच्या जी २० व्हॅनला पाच बोल्ट आणि १२७, फोर्डच्या जुन्या ई १५० ला पाच आणि १३९.७. ही चाके आपसांत बदलता येत नाहीत. ११२ चे वर्तुळ मात्र मर्सिडीज आणि आउडी दोघांकडेही आहे. त्यामुळे भंगारवाड्यातून उचललेली मर्सिडीजची चाके व्हॅनगनवर दिसणे अमेरिकेत नवलाचे नाही. मर्सिडीजच्या रिमचे मधले भोक ६६.६ मिलिमीटरचे असते आणि ते व्हॅनगनच्या हबवर चपखल बसते. जुन्या आउडींचे भोक ५७.१ चे असते, ते हबवर चढतच नाही. लेथवर मोठे करून घ्यावे लागते.

इतके जुळले म्हणजे सगळे जुळले असे समजणारे पुढच्या पायरीवर ठेचकाळतात. व्हॅनगनचे बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचे, जुन्या मर्सिडीजचे १२ चे. रिममधले छिद्र आणि बोल्टची बैठक दोन्ही तपासावी लागतात. बैठक काही रिममध्ये गोलाकार, वाटीसारखी असते, तर काहींत शंकूसारखी. शंकूच्या आकाराचा नट गोल बैठकीत आवळला, तर तो पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक कडेवर टेकतो. पान्याला घट्ट लागतो, हाताला विश्वास वाटतो आणि शंभर मैलांवर सैल होतो. रिमवर कोरलेली भारक्षमताही वाचावी. सेडान मोटारीसाठी ओतलेले चाक भरलेल्या कॅम्परसाठी ओतलेले नसते. जर्मनीत असे बदल तपासणी संस्थेकडून मंजूर करून घ्यावे लागतात. अमेरिकेत तशी पूर्वपरवानगी नाही, त्यामुळे तपासणी मालकाच्या गळ्यात पडते.

यापुढचा विषय ऑफसेटचा. तो सांगायला कठीण आणि कागदावर काढायला सोपा. रिम हबला ज्या पृष्ठावर टेकते ते पृष्ठ रिमच्या मध्यरेषेपासून किती बाहेर आहे, ते ऑफसेट सांगतो. व्हॅनगनचे मूळ लोखंडी चाक साडेपाच इंच रुंद आणि ३९ ऑफसेटचे आहे. साडेपाच इंचांचे निम्मे ७०. त्यात ३९ मिळवले की रिम टेकणीपासून आतल्या बाजूला १०९ मिलिमीटर पसरते. ७० मधून ३९ वजा केले की बाहेर ३१. मर्सिडीजचे सात इंच रुंद आणि ३७ ऑफसेटचे चाक घेतले, तर निम्मी रुंदी ८९, म्हणून आत १२६ आणि बाहेर ५२. दोन्ही ऑफसेट जवळपास सारखे, तरी चाक आत १७ आणि बाहेर २१ मिलिमीटर जास्त पसरले. आतले १७ पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या सांध्याकडे जातात, बाहेरचे २१ मडगार्डच्या कडेकडे. ‘ऑफसेट सारखाच आहे, बसेल’ हे दुकानातले वाक्य म्हणूनच अर्धे खरे असते.

आतली अडचण पाहून काही जण कमी ऑफसेटची रिम घेतात किंवा मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, घालतात. मग चाक बाहेर येते, गाडी फाकलेल्या पायांवर उभी राहिल्यासारखी दिसते. कित्येकांना हवे असते तेच. पण टायर जमिनीला टेकतो ती जागा स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळते तिच्यापासून दूर जाते. खड्ड्याचा धक्का सरळ हातात येतो, स्टिअरिंग जड होते आणि हबच्या बेअरिंगवर तरफेचा जोर वाढतो. अनेक राज्यांत टायर मडगार्डच्या बाहेर डोकावू देत नाहीत, हा आणखी एक अडसर.

घासण्याची परीक्षा सपाट जागेवर होत नाही. एक चाक बसवून गाडी सामानासह उभी करावी, स्टिअरिंग आधी डावीकडे, मग उजवीकडे शेवटपर्यंत वळवावे आणि एक चाक फूटपाथच्या कडेवर चढवून तेच पुन्हा करावे. टायर, ब्रेकची नळी, कमानीचा पत्रा यांत बोट सहज फिरायला हवे. टायरला खडूची रेघ मारून वस्तीभोवती एक फेरी केली, तर खडू कुठे पुसला गेला त्यावरून घासण्याची जागा सापडते. सिंक्रो या चारचाकी जोराच्या व्हॅनगनमध्ये चारही टायर एकाच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत, नाही तर पुढच्या-मागच्या ॲक्सलमधला व्हिस्कस जोड विनाकारण ताणात राहतो.

बसण्याचा प्रश्न सुटला तरी ओढण्याचा राहतोच. मोठे चाक म्हणजे रस्त्यावर उतरणारा जोर कमी. इथे तो साधारण पाच टक्क्यांनी घटतो. सर्वांत ताकदवान व्हॅनगनला २.१ लिटरच्या इंजिनातून ९५ अश्वशक्ती मिळे, डिझेलवाल्या १९८२ च्या गाडीला ४८. डेन्व्हरहून पश्चिमेला निघालेला आय-७० महामार्ग आयझनहॉवर बोगद्याशी ११,००० फुटांहून उंच जातो. तिथल्या विरळ हवेत टर्बो नसलेले इंजिन आपली जवळपास एक तृतीयांश ताकद गमावते. जी चढण पूर्वी तिसऱ्या गिअरमध्ये कशीबशी निघे, ती मोठ्या चाकांवर दुसऱ्यात काढावी लागते. उताराला हीच गोष्ट उलट बाजूने भोवते. इंजिनाचा अडथळा कमी पडतो, ब्रेकला जास्त तरफेशी झुंजावे लागते आणि ते लवकर तापतात. सपाट नेब्रास्कात मात्र इंजिनाचे फेरे कमी झाल्याने आवाज उतरतो आणि तिथे हा सौदा फायद्याचा वाटतो.

वेगाचा काटाही बदलतो. तो ६५ मैल दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात साडेअडुसष्टने जाते, आणि १०० मैल नोंदले गेले तेव्हा १०५ कापलेले असतात. जर्मन काटे मुळात थोडे जास्त दाखवणारे असल्याने पुष्कळ गाड्यांत मोठ्या चाकांमुळे ते उलट बरोबर होतात. तरी जीपीएसशी एकदा ताडून पाहावे. पोलीस अंदाज मान्य करत नाहीत.

व्हॅनगनला मोठी चाके हवीत हे कारखान्यालाही सुचले होते. ऑस्ट्रियात ग्राट्झला बनलेल्या सिंक्रोची एक १६ इंची आवृत्ती होती. कारखान्याने तिथे नुसती चाके बदलली नाहीत. चाकांच्या कमानी मोठ्या केल्या, सांगाड्याला बळकटी दिली, ब्रेक आणि अर्धॲक्सलचे सांधे मोठे घातले. ती आवृत्ती अमेरिकेत विकली गेली नाही. मालक ज्याला ‘चार बोल्टांचे काम’ समजतात त्यासाठी कारखान्याला एवढा पसारा मांडावा लागला होता. मूळच्या व्हॅनला ६८६ च्या वर न्यायचे असेल तर या यादीकडे पाहावे. १५ इंची रिम आणि ६६० च्या आसपासचा टायर घेणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही, आणि पुरेशा भारांकाचा टायर मिळत असेल तर बहुतेकांसाठी तेच पुरे आहे.

चाके बसवल्यावर नट टॉर्क रेंचने, ताऱ्याच्या क्रमाने आवळावेत, पन्नास मैलांनी पुन्हा तपासावेत आणि अलाइनमेंट करून घ्यावे. टायर घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. वर्षाचे दहा महिने उभ्या राहणाऱ्या व्हॅनचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो.

राहिली स्टेपनी. व्हॅनगनची स्टेपनी पुढच्या बंपरखाली, गाडीच्या पोटातल्या एका पत्र्याच्या तबकात आडवी ठेवलेली असते. ते तबक १४ इंची चाकाच्या मापाचे आहे. ६८६ चे चाक त्यात मावत नाही. ते मागच्या दारावर बिजागरीच्या कंसाने टांगावे लागते किंवा आत झोपायच्या जागेत ठेवावे लागते. जुनी १४ इंची स्टेपनी तशीच तबकात ठेवून निघणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की ती नव्या चाकांपेक्षा ३६ मिलिमीटर लहान आहे. तिच्यावर जवळच्या टायर दुकानापर्यंत हळू जाता येते, त्यापुढे नाही. सिंक्रोच्या मागच्या-पुढच्या जोडासाठी तेवढेही बरे नव्हे.