साच्यातला वृषभ

रोमन साम्राज्यात, बहुधा धान्यवाटपासाठी, उत्सवांसाठी आणि स्नानगृहांच्या प्रवेशासाठी, शिशाचे जे लहान लहान बिल्ले ओतले जात, त्यांवर सिंह, हत्ती, वराह यांच्या आकृती पुष्कळदा आढळतात, आणि प्राणिमुद्रांचा नाद लागलेल्या संग्राहकाला त्यांचा मोह पडावा यात नवल नाही. परंतु शेकडो हातांतून फिरत आलेला एखादा बिल्ला कोणत्या गावी आणि कोणाच्या हुकुमाने ओतला गेला, याचा दाखला त्याच्या अंगावर क्वचितच स्पष्ट असतो. हा दाखला मिळतो तो साच्यापाशी. आपल्या देशात साच्यांचे हे महत्त्व ज्याने शास्त्रीय पद्धतीने सिद्ध केले, तो विद्वान इतिहासाचा अध्यापक नव्हता. तो लखनौचा एक वनस्पतिशास्त्रज्ञ होता.

डॉ. बिरबल साहनी १९२१ साली लखनौ विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून रुजू झाले. पाषाणात उमटलेल्या पानाच्या ठशावरून मूळ पान मनाने उभे करणे हा ज्यांचा नित्याचा व्यवसाय, त्यांना १९३६ साली रोहतकच्या खोकराकोट नावाच्या टेकाडावर भाजलेल्या मातीचे तुकडे दिसले, तेव्हा इतरांनी ज्यांना खापरे समजून ओलांडले असते त्यांत त्यांना नाण्यांचे साचे ओळखता आले, यात दैवाचा भाग थोडा आणि दृष्टीच्या संस्काराचा फार होता, असे मला वाटते.

हे साचे यौधेय या प्राचीन गणराज्याच्या नाण्यांचे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या काळातील या नाण्यांच्या एका बाजूस यूपासमोर, म्हणजे यज्ञस्तंभासमोर, उभा असलेला वशिंडाचा वृषभ, तर दुसऱ्या बाजूस हत्ती. सोबत ब्राह्मी अक्षरांत यौधेयांचे आणि त्यांच्या बहुधान्यक या मुलखाचे नाव. रोहितक, म्हणजेच रोहतक, व बहुधान्यक ही दोन्ही नावे महाभारतात नकुलाच्या पश्चिम दिग्विजयात येतात. साच्याची चकती हातात घेतली, की मध्यभागी एक छिद्र, त्याच्याभोवती नाण्यांचे उथळ खळगे आणि छिद्रापासून प्रत्येक खळग्याकडे गेलेली चिंचोळी पन्हळ दिसते. खळग्यातील वृषभ खोलगट असतो व उलट दिशेस तोंड करून उभा असतो, अक्षरेही आरशातल्यासारखी वाचावी लागतात. अशा चकत्या एकीवर एक रचून, वृषभाच्या खळग्यासमोर हत्तीचा खळगा नेमका येईल अशी जुळणी करून आणि सारी उतरंड बाहेरून मातीने लिंपून वरून रस ओतला, की एकाच ओतणीत कितीतरी नाणी तयार होत. ती काढण्यासाठी मात्र साचा फोडावाच लागे, आणि म्हणूनच टेकाडावर तुकड्यांचा एवढा खच.

रोमन कारागिरांना ही नासधूस सोसण्याची गरज नव्हती. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे पांढऱ्या संगमरवरी दगडात कोरलेले त्यांचे साचे पुनःपुन्हा वापरता येत. नाण्यांचे तांबे वितळावयास मात्र सुमारे १०८५ अंश लागतात, आणि एवढ्या तापमानात चुनखडीच्या जातीचा दगड भाजून त्याचा चुना होऊ लागतो. भट्टीचा दाह सोसणारी, ओतताना कोंडलेली हवा आपल्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर सोडणारी आणि फुकट मिळणारी माती हाच येथे उत्तम पर्याय होता.

नाणे व्यापाऱ्याबरोबर मुलूखभर हिंडते, फुटका साचा मात्र भट्टीपाशीच पडून राहतो. खोट्या नाण्यांचा चोरटा धंदा करणारा माणूस आपल्या अपराधाचा एवढा ढीग उघड्यावर साठू देईल, हे संभवत नाही. तेथे यौधेयांची टाकसाळच होती, हा निष्कर्ष म्हणूनच बळकट ठरतो. साहनींचा प्राचीन भारतातील ओतीव नाण्यांच्या तंत्रावरील ग्रंथ १९४५ साली भारतीय मुद्रा परिषदेने प्रसिद्ध केला.

साच्यांचा हा शोध उत्तरेपुरता राहिलेला नाही. निजामाच्या अंमलात कोंडापूर येथे झालेल्या उत्खननात शातवाहनांच्या शिशाच्या, तांब्याच्या व पोटिन या मिश्रधातूच्या नाण्यांबरोबर मातीचे साचेही निघाले. आपल्याकडे पैठण, तेर, नेवासे येथील पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, पाऊस पडून गेल्यावर गजचिन्हांकित नाणे दिसले तर ते तत्काळ उचलले जाते, आणि शेजारचा भाजलेल्या मातीचा तुकडा खापर म्हणून भिरकावला जातो, ही मोठी हानी आहे. तसा तुकडा तिरप्या उन्हात धरून पाहावा; खळगा आणि पन्हळ दिसली, तर तो होता तेथेच ठेवून पुरातत्त्व खात्यास जागेचा तपशील लिहून कळवावा.