ट्रेकिंग पोल : किंमत, मजबुती आणि गैरसमज

ट्रेकिंग पोलची जोडी हजार-दीड हजारांत मिळते, तशीच दहा हजारांच्या पुढेही. वरचे पैसे नेमके कशाचे, हे ठाऊक असलं तर खरेदी सोपी होते.

गैरसमज : महागडे पोल घेतले तरच गुडघे वाचतात.
वस्तुस्थिती : शरीराचा काही भार हातांवर गेला की गुडघ्यांना आराम मिळतो. तीव्र उतारावर पोल वापरल्यास गुडघ्याच्या सांध्यावरचा भार साधारण १२ ते २५ टक्क्यांनी घटतो, असं १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. त्यासाठी पोलची उंची जुळलेली हवी. सपाटीवर टोक जमिनीला टेकवल्यावर कोपर काटकोनात यावं. उतरताना पोल पाच-दहा सेंटिमीटर वाढवावा, चढताना तेवढाच कमी करावा. हे स्वस्त पोललाही जमतं.

गैरसमज : कार्बन फायबरचा पोल अधिक टिकतो.
वस्तुस्थिती : कार्बनचे जास्तीचे पैसे मुख्यतः हलकेपणाचे असतात. जोडीमागे शंभर-दीडशे ग्रॅम वाचतात आणि अनेक दिवसांच्या हिमालयीन ट्रेकमध्ये ते जाणवतातही. पण दगडावर आपटून कार्बनला खोल चरा पडला, तर पुढे तिथेच तो अचानक मोडू शकतो. अ‍ॅल्युमिनियम बहुधा आधी वाकतं आणि वाकलेल्या पोलवर गड उतरून येता येतं. सह्याद्रीच्या दगडधोंड्यांत अ‍ॅल्युमिनियमच बरं.

गैरसमज : स्वस्त पोल ऐन वेळी दगा देतातच.
वस्तुस्थिती : दगा देतं ते बहुतेकदा लॉक. पिळून घट्ट करायच्या लॉकमध्ये पाणी, माती शिरली की भार पडताच पोल आत सरकू शकतो. बाहेरून खटका दाबून बसवायचं लॉक डोळ्यांना दिसतं आणि सैल झालं तर स्क्रूने घट्ट करता येतं. असं लॉक आता कमी किमतीच्या पोललाही मिळतं. दुकानातच पोलवर जोर देऊन पाहा. पावसाळी ट्रेकनंतर भाग सुटे करून पुसा आणि वाळवा. तेल मात्र लावू नका, त्याने लॉक घसरतं.

गैरसमज : स्प्रिंग असलेला पोल अधिक चांगला.
वस्तुस्थिती : स्प्रिंगमुळे मनगटाला बसणारा हादरा थोडा कमी होतो, पण वजन वाढतं आणि भक्कम आधार हवा तिथे पोल दबतो. तिच्यासाठी जादा पैसे मोजायची गरज नाही.

गैरसमज : चांगला पोल असला की कुठलीही वाट सोपी.
वस्तुस्थिती : घसाऱ्यावर, चिखलात, ओढा ओलांडताना पोल मोठा आधार देतो. कातळटप्प्यावर किंवा शिडीवर मात्र दोन्ही हात मोकळे हवेत. तिथे पोल मिटून सॅकला बांधा. चिखलात आणि घसाऱ्यावर टोकाची रबरी टोपी काढा, म्हणजे धातूचं टोक रुतेल. गडाच्या कोरीव पायऱ्यांवर ती पुन्हा चढवा, म्हणजे दगडावर ओरखडे उठणार नाहीत.

बजेट कमी असेल तर खटक्याचं लॉक, टंगस्टन कार्बाइडचं टोक आणि हातात नीट बसणारी मूठ एवढं पाहून अ‍ॅल्युमिनियमची जोडी निर्धास्त घ्या. उरलेले पैसे चांगल्या पकडीच्या बुटांवर खर्च करा.