चेंडू आणि पाळणा



परदेशातील ख्रिस्ती मदतसंस्थांची वार्षिक पत्रके अधूनमधून आमच्या शाळेत कुणाच्या तरी हाती येतात. त्यांत कधी कधी मोठी चमत्कारिक जोडी दिसते. एका पानावर आफ्रिकेतील एखाद्या रुग्णालयात काचेच्या पेटीत ठेवलेले अपुऱ्या दिवसांचे मूल, आणि पान उलटावे तो धुळीच्या मैदानात फुटबॉल खेळणारी पोरे! मदतीची विनंती मात्र दोहोंसाठी एकच. असे एक पत्रक चाळताना आमच्या एका सहकाऱ्याने मला विचारले, "सर, मूल वाचवायला पैसे मागतात हे समजते. पण चेंडूसाठी धर्मादाय पैसा कशाला?" प्रश्न रास्त होता, आणि मला तेव्हा उत्तर देता आले नाही.

धर्मगुरू आणि चेंडू यांचे नाते आपल्याकडे जुने आहे, एवढे मी सांगू शकलो. प्रकृतिस्वास्थ्यासाठी गोव्यात शिवोलीला आलेल्या फादर विल्यम लायन्स यांनी १८८३ साली तेथील मुलांना फुटबॉल शिकविला, असे गोवेकर अभिमानाने सांगतात. पण तो शाळेतला खेळ झाला. पाळण्याशी त्याचा काय संबंध?

तो संबंध मला उमगला तो जामखेडच्या हकीकतीवरून. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात राबले, अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन आले, आणि १९७० साली त्यांनी आपले बिऱ्हाड मांडले ते तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड या दुष्काळी तालुक्याच्या गावी. मोठे रुग्णालय उभारून रोग्यांची वाट पाहत बसायचे नाही, हा त्यांचा निश्चय होता. वडाळ्याला त्यांनी पाहिले होते की, बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच दुखण्याने पुन्हा खाटेवर येते.

प्रत्येक गावातून एक बाई निवडून तिलाच आरोग्याचे शिक्षण द्यावयाचे, असे ठरले. यातल्या पुष्कळ बाया निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या होत्या. त्यांना शिकविले ते साधेच. बाळंतपणाआधी हात साबणाने धुवावेत. नाळ विळ्याने न कापता उकळलेल्या पात्याने कापावी आणि तिच्यावर राख-शेण काही लावू नये. गरोदर बाईला धनुर्वाताची लस टोचून घ्यावी. बाळाला कोरडे पुसून लगेच गुंडाळावे. आणि ज्या चिकाच्या दुधाला लोक नासके म्हणून पिळून टाकीत, ते पहिल्या तासातच बाळाच्या मुखी लावावे. यातले कशालाही मोठा पैसा लागत नाही. अडते ते घरात. सासू नको म्हणते, सुईण नाक मुरडते, आणि ज्याच्या हातात घराचा कारभार तो पुरुष पारावर बसलेला असतो. बायकांच्या गोष्टीत आपण काय बोलावे, असे त्याला वाटते.

येथे चेंडू आला! आरोळे आणि त्यांचे सहकारी संध्याकाळी गावात जाऊन तरुणांबरोबर व्हॉलीबॉल खेळू लागले. (फुटबॉलला मैदान हवे, व्हॉलीबॉलला एक जाळी आणि रिकामी जागा पुरते.) खेळायला वेगवेगळ्या जातींची माणसे एकत्र येत. खेळ संपला की घाम पुसत मंडळी तेथेच टेकत, आणि गोष्टी पिकावरून पाण्यावर, पाण्यावरून पोराबाळांच्या दुखण्यावर येत. त्यातूनच तरुण शेतकरी मंडळे उभी राहिली. पुढे दुष्काळात कूपनलिका खोदताना त्या दलित वस्तीत घेण्याचा आग्रह आरोळ्यांनी धरला. सगळ्या गावाने तेथे पाण्याला यावे, हा हेतू.

१९७१ साली त्या भागात जन्मलेल्या हजार मुलांपैकी १७६ वर्षाच्या आत दगावत. १९७६ साली तो आकडा ५२ वर आला, असे प्रकल्पाच्या नोंदी सांगतात. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबलबाई १९९९ साली निवर्तल्या, डॉक्टर २०११ साली.

ख्रिस्ती माणसाने सेवा केली की, तिच्यामागे धर्मांतराचा डाव असेल अशी शंका घेतली जाते. मी स्वतः कॅथॉलिक आहे, तेव्हा हे टाळून पुढे जाणे बरे नव्हे. आमिष म्हणून केलेली सेवा ही सेवाच नव्हे, असे मी मानतो. जामखेडला ज्या बाया शिकल्या, त्या आपापल्या देवाला हात जोडूनच कामावर निघत.

आता माझ्या गावाकडे वळतो. तापीच्या मुखाशी वसलेल्या या हजीऱ्यात कारखान्यांच्या कामावर खानदेशातून, ओडिशातून, उत्तर प्रदेशातून माणसे येतात. पत्र्याच्या खोलीत नवरा-बायको दोघेच. सासू नाही, माहेर नाही. माझा एक जुना विद्यार्थी कंत्राटी कामगार आहे, आणि रविवारच्या फुटबॉल संघात गोलरक्षक आहे. त्याची बायको शिरपूरकडची. दोन वर्षांपूर्वी जानेवारीत तिला मुलगी झाली. रुग्णालयातून घरी आल्यावर पहिल्याच रात्री मूल गार पडले, दूध ओढीना. आई एकटी, तिला वाटले, बाळ झोपले आहे. हा रात्रपाळीला गेलेला. सकाळी आशाबेन तिसऱ्या दिवसाच्या भेटीला आली. तिने बाळाचे पोट आणि पाय चाचपले, तशीच त्याला आईच्या उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घातले आणि गाडी बोलावली. मुलगी वाचली. "सर, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं," असे तो मला म्हणाला. सांगणार कोण? जे काही सांगितले जाते ते बायकांना, आणि तेही बहुधा तिला न समजणाऱ्या गुजरातीत.

छातीशी धरण्याचा हा उपाय कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगार रेय यांनी १९७८ साली सुरू केला. तेथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत होत्या. कांगारूप्रमाणे मूल कातडीला कातडी लावून उभे बांधायचे, एवढीच युक्ती. आणि बापाची छातीही तितकीच ऊबदार असते. आशा कार्यकर्ती घरी जन्मलेल्या मुलाला पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेटते; रुग्णालयात जन्मलेल्याला तिसऱ्यापासून. मधल्या रात्री घरी असतो तो बाप.

तेव्हापासून रविवारच्या सामन्यात मध्यंतराची दहा मिनिटे आम्ही आशाबेनला दिली आहेत. पहिल्या खेपेला पोरे फिदीफिदी हसली. मग गोलरक्षकाने कापडाची बाहुली सदऱ्याआत घेऊन उपरण्याने बांधून दाखविली, तसे हसणे थांबले. गेल्या रविवारी एका ओडिया खेळाडूने विचारले, "अंघोळ कधी घालायची?" पहिला दिवस तरी मुळीच नको, असे तिने सांगितले, आणि मूल वजनाने कमी असेल तर आणखी थांबायचे. मग एकामागून एक प्रश्न निघाले. सामन्याचा उत्तरार्ध त्या दिवशी वीस मिनिटे उशिरा सुरू झाला.