खातेवाटपाआधी कार्यक्रम हवा

राष्ट्रपती 'मैं' एवढंच उच्चारतात आणि पुढचं सारं मंत्री म्हणतो. आधी पदाची शपथ, मग गोपनीयतेची, मग नोंदवहीत सही. तोवर पुढचं नाव पुकारलेलं असतं. 9 जून 2024 रोजी राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणात पंतप्रधानांसह 72 जणांनी अशी शपथ घेतली. तिच्यात 'संघराज्याचा मंत्री' एवढाच उल्लेख असतो. खातं कोणतं, कॅबिनेट की राज्यमंत्री, यातलं काहीच शपथेच्या मजकुरात नसतं. त्यामुळे सरकारचा खरा आकार कळतो तो खातेवाटपात, आणि ते जाहीर झालं दुसऱ्या दिवशी.

हे वाटप कशाच्या आधारावर होतं? नुसत्या संख्याबळावर नक्कीच नाही. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे 7 खासदार, पण वाट्याला स्वतंत्र प्रभाराचं एक राज्यमंत्रिपद. चिराग पासवान यांच्या पक्षाचे 5, कुमारस्वामींच्या पक्षाचे 2 आणि जीतनराम मांझी तर आपल्या पक्षाचे एकटेच. तरी तिघंही कॅबिनेट मंत्री. प्रफुल्ल पटेल पूर्वी कॅबिनेट मंत्री होते, म्हणून अजित पवारांच्या पक्षानं स्वतंत्र प्रभार नाकारला. शिंदे यांच्या पक्षाचे खासदार श्रीरंग बारणे यांनी पक्षपाताची तक्रार जाहीरपणे केली. आकडे पाहता ती रास्त होती, तरी सगळी चर्चा पदांभोवतीच फिरली. भाजपकडे 240 खासदार होते, बहुमताला 272 लागतात. म्हणजे सरकार मित्रपक्षांच्या आधारावर उभं होतं. हा आधार कोणत्या कामांसाठी दिला, हे सांगणारा किमान समान कार्यक्रम मात्र कुणी जाहीर केला नाही.

मंत्री निवडणं हा पंतप्रधानांचा अधिकार आहे, असं यावर म्हटलं जाईल. राज्यघटनेच्या 75व्या अनुच्छेदानुसार ते खरंच आहे. 91व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांच्या संख्येला लोकसभेच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली, बाकी निवड बरीचशी मोकळी ठेवली. ती तशीच राहावी; आपले सहकारी निवडता येत नसतील तर पंतप्रधानांना जाब तरी कशाच्या बळावर विचारायचा? पण हा अधिकार माणसं निवडण्याचा आहे. कार्यक्रमाचं उत्तर मतं मागणाऱ्या सगळ्या पक्षांनी द्यायला हवं. 2004 मध्ये संयुक्त पुरोगामी आघाडीनं शपथविधीनंतर काही दिवसांतच किमान समान कार्यक्रम प्रसिद्ध केला. ग्रामीण रोजगार हमीचं वचन त्यात होतं, आणि 2005 मध्ये तसा कायदा झाला. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना त्या वचनाचं मोल वेगळं सांगायला नको.

लेखी करारानं सरकार टिकतंच असं नाही, हा आक्षेप जास्त वजनदार आहे. जर्मनीत 26 सप्टेंबर 2021 ला मतदान झालं. तीन पक्षांनी लांबलचक करार लिहिला, 8 डिसेंबरला सरकार आलं आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ती आघाडी मोडली. आपल्याकडेही 2008 मध्ये अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी संयुक्त पुरोगामी आघाडीचा पाठिंबा काढला. पण अणुकरार किमान समान कार्यक्रमात नव्हता, हा डाव्यांचा मुद्दा कागद हातात घेऊन कुणालाही तपासता येत होता. 2024 मध्ये तशी सोय उरली नाही. मित्रपक्ष मागत असलेला विशेष दर्जा बिहारला देता येत नाही, असं केंद्रानं 22 जुलैला लोकसभेत सांगितलं. दुसऱ्याच दिवशी अर्थसंकल्पात बिहारच्या रस्त्यांसाठी 26,000 कोटी आणि आंध्र प्रदेशातल्या अमरावतीसाठी 15,000 कोटींच्या घोषणा झाल्या. त्या कदाचित सर्वस्वी योग्य असतील. पाठिंब्याच्या अटींशी त्यांचा काही संबंध होता का, हे मात्र मतदाराला कोणत्याही कागदावरून पडताळता येत नाही.

निवडणूकपूर्व युती होती, मग वेगळा कार्यक्रम कशाला, असंही विचारलं जातं. पण त्या युतीतले पक्ष आपापले मुद्दे घेऊन मतदारांपुढे गेले होते. म्हणून राष्ट्रपतींना पाठिंब्याची पत्रं देतानाच समान कार्यक्रमही जाहीर करण्याची प्रथा पाडावी, आणि वाचकांनी तो आपल्या खासदाराकडे आवर्जून मागावा.