पाव इंची आटा आणि घरचा कारखाना

फोटोग्राफीचा जवळजवळ कोणताही कॅमेरा उलटा करून पाहा, तळाशी आटे पाडलेलं एक भोक दिसेल. व्यास पाव इंच, इंचाला 20 आटे. कॅमेरा जपानी असो की जर्मन, वीस हजारांचा असो की पाच लाखांचा, हे माप बदलत नाही. जड यंत्रांना तीन-अष्टमांश इंचाचा, इंचाला 16 आट्यांचा बोल्ट लागतो. तालुक्याच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची बीएसडब्ल्यू’ मागितला तर जो बोल्ट मिळतो, तो या भोकात बसतो. त्याच्या आट्यांचा कोन किंचित वेगळा आहे, पण कॅमेऱ्याच्या वजनापुरतं काही बिघडत नाही. बोल्ट साडेचार मिलिमीटरपेक्षा जास्त आत जाणार नाही, एवढी काळजी मात्र घ्यावी. तळ फुटला तर दुरुस्ती महागात पडते. हे एक माप जगभर सारखं आहे, म्हणून लाकडाची फळी, पत्र्याची पट्टी किंवा पीव्हीसीचा पाइप कॅमेऱ्याला जोडता येतो. घरी बनणारी निम्मी उपसाधनं याच आट्यावर उभी आहेत.

पैसे वाचतात म्हणून लोक हे उद्योग करतात, असा समज आहे. तो आता खरा राहिलेला नाही. फ्लॅशचा प्रकाश पसरवणारा डिफ्युझर, एक्स्टेन्शन ट्यूब, छोटा ट्रायपॉड या वस्तू आज काही शे रुपयांत घरपोच येतात. तरीही करवत आणि कानस हातात घ्यावी, याचं माझ्या मते एक भक्कम कारण आहे. विकत घेतलेली वस्तू सर्वांच्या सरासरी गरजेसाठी बनलेली असते आणि आपली अडचण नेहमी नेमकी असते. त्या नेमक्या अडचणीचं उत्तर हातांनी घडवताना प्रकाश कसा वागतो, वजन कुठे तोललं जातं, हे जसं कळतं तसं सूचनापुस्तिका वाचून कळत नाही.

महाराष्ट्रात या परंपरेला शंभरावर वर्षं झाली. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव हे मेस्त्री घराण्यातले. नाटकांचे पडदे रंगवणारे, लाकूड आणि धातू दोन्ही हाताळणारे. चित्रपट काढायचा तर कॅमेरा हवा आणि परदेशी कॅमेरा परवडणारा नव्हता. तेव्हा त्यांनी जुना प्रोजेक्टर मिळवला आणि त्याच्या यंत्रणेचा अभ्यास करत स्वतःचा कॅमेरा बनवायला घेतला. 1916 मध्ये आनंदराव गेले. काम थांबलं नाही. विष्णुपंत दामले यांच्या साथीनं बाबूरावांनी कॅमेरा पुरा केला आणि ‘सैरंध्री’ हा चित्रपट 1920 मध्ये पुण्यात झळकला. फिल्म एका चौकटीपुरती पुढे सरकली पाहिजे, क्षणभर निश्चल थांबली पाहिजे, पुन्हा सरकली पाहिजे. यात केसभर चूक झाली तर पडद्यावरचं चित्र थरथरतं. हे काम हातांनी साधलं ही लहान गोष्ट नव्हे. हेच दामले पुढे 1929 मध्ये स्थापन झालेल्या ‘प्रभात’ फिल्म कंपनीचे एक संस्थापक झाले. मराठी चित्रपटाच्या इतिहासात कथा आणि कलावंतांबद्दल भरभरून लिहिलं जातं, त्या मानानं लेथ आणि कानशीबद्दल फार थोडं. हा अन्याय आहे असं मला वाटतं.

जंगलात कॅमेरा नेणाऱ्यांनाही बाजार पुरला नाही. एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्यानं 1920च्या दशकात संयुक्त प्रांतातल्या जंगलांत वाघांच्या वाटेवर तारा ताणल्या. वाघाचा पाय तारेला लागला की कॅमेरा आणि फ्लॅश एकदमच चालत, म्हणजे वाघ स्वतःचा फोटो स्वतः काढत असे. आजच्या ‘कॅमेरा ट्रॅप’चं मूळ त्या तारेत आहे. मद्रासचे निसर्गलेखक एम. कृष्णन यांनी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचे आणि भिंगांचे भाग जोडून एक अवजड यंत्र तयार केलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं ‘सुपर पॉन्डेरोसा’.

प्रकाशाच्या बाबतीत सर्वांत मोठं उदाहरण छायाचित्रणकार सुब्रत मित्र यांचं. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (1956) बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं. वरून उघड्या अंगणात आकाशाचा जो सावलीविरहित मऊ उजेड पडतो, तो स्टुडिओच्या दिव्यांनी येईना. मित्र यांनी सेटवर पांढरं कापड ताणलं, दिवे खालून त्या कापडावर रोखले आणि परतून आलेल्या उजेडात चित्रण केलं. त्या एका ताणलेल्या कापडानं भारतीय छायाचित्रणाला नवी वाट दिली. घरी डिफ्युझर बनवणारा प्रत्येक जण नकळत याच वाटेनं चालत असतो.

डिफ्युझरवर थोडं थांबतो, कारण आपल्याकडे त्याची गरज सर्वांत जास्त आहे. पावसाळ्यात आंबोलीला किंवा सह्याद्रीच्या कुठल्याही घाटमाथ्यावर बेडूक, भुंगे, कोळी टिपायला जाणारी बरीच मंडळी आता दिसतात. ओली कातडी आणि चकचकीत पंख यांवर उघड्या फ्लॅशचा प्रकाश पडला की पांढरे, करपलेले ठिपके उमटतात आणि खालचा रंग नाहीसा होतो. उपाय प्रकाश कमी करण्यात नाही. विषयाच्या जागी बसून पाहिलं तर प्रकाशाचा स्रोत केवढा दिसतो, यावर सावलीचा मऊपणा ठरतो. दोन वीत दूर असलेलं सहा सेंटिमीटरचं फ्लॅशचं तोंड भुंग्याला लहान दिसतं. तोच प्रकाश वीतभर रुंदीच्या पांढऱ्या पडद्यातून, चार-पाच बोटांवरून आला तर त्याच्यापुरतं ते सगळं आभाळ होतं.

साहित्य घरातच असतं. बटाट्याच्या चिप्सचा आतून चंदेरी असलेला नळकांडी डबा फ्लॅशच्या तोंडापासून भिंगाच्या टोकापर्यंत प्रकाश वाहून नेतो. त्याच्या पुढे बटर पेपर, ट्रेसिंग पेपर किंवा नव्या वस्तूभोवती गुंडाळून येणारा पातळ फोम लावायचा. एकाच जाड थरापेक्षा दोन पातळ थर आणि त्यांत दोन-तीन सेंटिमीटर पोकळी हे जास्त चांगलं. पहिला थर प्रकाश पसरवतो, दुसरा एकसारखा करतो. फ्लॅशची शक्ती बरीच खर्ची पडते, पण विषय इतका जवळ असतो की ती पुरते. परीक्षा घ्यायची तर सायकलच्या बेअरिंगमधली छर्‍याएवढी गोळी मांडून तिचा फोटो काढावा. गोळीत डिफ्युझरचं प्रतिबिंब स्पष्ट दिसतं. मधोमध झगझगीत ठिपका असेल तर थर वाढवा, कडा काळ्या असतील तर पडदा रुंद करा. महागडा डिफ्युझर घेणाऱ्यांनीही ही गोळीची परीक्षा करून पाहावी.

एक्स्टेन्शन ट्यूब म्हणजे भिंग आणि कॅमेरा यांच्यामधली पोकळ नळी. त्यात काच नसते. 50 मिलिमीटरच्या भिंगामागे 25 मिलिमीटर नळी घातली की विषयाची प्रतिमा सेन्सरवर त्याच्या निम्म्या आकाराची पडते आणि प्रकाश सव्वादोन पटींनी घटतो. पीव्हीसीचा तुकडा, कॅमेऱ्याचं झाकण आणि भिंगाचं मागचं झाकण मधोमध कापून ती बनते. भिंग जुनं, छिद्राची कडी हातानं फिरवता येणारं घ्यावं, कारण विजेचे संपर्क इथे तुटतात. बहुतेकांचं काम बिघडतं ते नळीच्या आतल्या बाजूला. काळा रंग दिला तरी तिरप्या प्रकाशात तो चमकतो आणि चित्रावर धुरकट पडदा येतो. खरखरीत पॉलिश पेपर काळा रंगवून आत गुंडाळावा, किंवा काळी मखमल चिकटवावी.

काचेचं भिंगही नको असेल तर सूचिछिद्र (पिनहोल) आहेच. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा, शिवणाची सुई आणि कॅमेऱ्याचं एक जास्तीचं झाकण एवढंच लागतं. छिद्र सेन्सरपासून 50 मिलिमीटरवर असेल तर त्याचा व्यास सुमारे 0.3 मिलिमीटर असावा. कागदपत्रांच्या साध्या स्कॅनरवर तो मोजता येतो. रखरखीत उन्हात आयएसओ 100 ठेवला तर साधारण एक सेकंद एक्स्पोजर लागतं. शाळेतल्या मुलांना प्रकाश शिकवण्यासाठी याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

ताडोब्यात जीपच्या कठड्यावर मोठी भिंगं टेकवायला लागते ती बीनबॅग. तिच्याबद्दल एकच सांगणं: जाड कापडाची पिशवी रिकामी न्यावी आणि मूग किंवा तांदूळ मुक्कामी विकत घेऊन भरावेत.

आकाशाचे फोटो घेणाऱ्यांसाठी मात्र एक विलक्षण साधन आहे. जॉर्ज हेग या स्कॉटिश हौशी निरीक्षकानं 1975 मध्ये त्याची कल्पना प्रसिद्ध केली. दोन फळ्या, एक बिजागरी, एक बोल्ट. बिजागरीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा आणि बोल्ट मिनिटाला एक फेरा या गतीनं फिरवायचा. फळी पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करते आणि तारे ठिपक्यासारखे राहतात. एम-6 बोल्टचा एक आटा 1 मिलिमीटरचा, म्हणून बिजागरीपासून बोल्ट 228.5 मिलिमीटरवर हवा. पाव इंची बोल्ट वापरला तर 290 मिलिमीटरवर. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, तेवढाच ध्रुवतारा क्षितिजाच्या वर, त्यामुळे उत्तरेला डोंगर नसलेली जागा निवडावी लागते. 24 मिलिमीटरच्या भिंगानं एरवी वीस सेकंदांत तारे ओढल्यासारखे दिसतात, या फळ्यांवर दोन-तीन मिनिटं सहज मिळतात. हातानं फिरवायचं नसेल तर पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संथ गतीची मोटर शोधता येते.

काही गोष्टी घरी करू नयेत, हे ठामपणे सांगायला हवं. जुना फ्लॅश उघडू नये. त्याच्या कपॅसिटरमध्ये सुमारे 300 व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही ते टिकतात. माणसांच्या डोक्यावर कॅमेरा टांगणारी चौकट घरच्या क्लॅम्पवर सोडू नये. प्रकाशाला वळवणारं, अडवणारं, पसरवणारं सारं काही खुशाल बनवावं. फसलं तर फक्त फोटो वाया जातो. जीव किंवा पूर्ण कॅमेरा ज्यावर लोंबतो, ते विकत घ्यावं.

थ्रीडी प्रिंटरमुळे आता अडॅप्टर आणि झाकणं घरात छापता येतात. त्याचं स्वागत आहे. पण छापलेल्या वस्तूची फाइल जपली जाते, हातानं कापलेल्या पाइपचं माप मात्र कुठेच राहत नाही. फोटोखाली कॅमेरा, भिंग आणि एक्स्पोजर लिहिण्याची आपली पद्धत आहे. त्यात घरी बनवलेल्या साधनाची आणखी एक ओळ वाढवा. तुम्ही काही बनवलंत, तर त्याचं रेखाचित्र मापांसह काढा, कोणता कागद, कोणता बोल्ट, काय जमलं नाही तेही लिहा आणि ते पान तुमच्या ओळखीतल्या एखाद्या नवशिक्याच्या हाती द्या.